आतली नोंद

"ताई, मी मेलोय म्हनं!"

गेटबाहेरच्या ऑफिसात येऊन उद्धवराव हसत म्हणाले आणि हातातला जेवणाचा डबा त्यांनी वर्षालीच्या टेबलावर ठेवला. चाकणच्या कंपनीच्या गेटवर सकाळी कार्ड लावलं, तर लाल दिवा. सिक्युरिटीवाल्याने पडद्यावर वाचलं: कामगार मृत. एकवीस वर्षं प्रेस मशीनवर काढलेला माणूस दोन तास बाहेर ताटकळला.

वर्षालीने लगेच कालचं काम उघडलं. हजेरीची एक्सएमएल फाईल, म्हणजे कॉम्प्युटरवरची कामगारांची यादी, मृत कामगार वगळायला काल तिनेच चाळली होती. त्या फाईलचं काम म्हणजे डब्यात डबा. कामगाराच्या नोंदीच्या आत त्याच्या घरच्यांच्या नोंदी, आणि प्रत्येकाची स्थिती वेगळी. ज्या नोंदीत कुठेही 'मृत' दिसेल तो कामगार वगळ, एवढंच तिने कॉम्प्युटरला लिहून दिलं. कुणाची स्थिती बघायची, हे सांगायचंच राहिलं. घाई, दुसरं काय! उद्धवरावांच्या नोंदीत त्यांची बायको कौशल्याबाई मृत होत्या. महिन्यापूर्वी मृत्यूचा दाखला उद्धवरावांनीच आणून दिला होता.

एचआरचे रंगराव मागून डोकावले. "बायकोची नोंद उडव, दोन मिनिटांत कार्ड चालू. दहापर्यंत झालं नाही तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करेल."

वर्षालीचा हात माउसकडे गेला.

"न्हाई ताई!" उद्धवराव पुढे आले. "रेशनकार्डातून तिला काढलं. बँकेतून काढलं. हितं तरी माझ्यासंगं ऱ्हाऊ द्या."

"अहो, काम जाईल!"

"जाऊ द्या मंग."

वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, नोंद बरोबर आहे. चूक माझी आहे." तिने ओळ बदलली: कामगाराची स्वतःची स्थिती तेवढी बघ, आतल्यांची नको. फाईल पुन्हा चालवली. आणखी चौदा जण यादीत परत आले. कुणाचे वडील गेलेले, कुणाची आई. रंगराव तोंड वाकडं करून निघून गेले. दहाला पाच कमी होते.

"कुठं हाय ती? दाखवा."

तिने पडदा वळवला. त्यांच्या नावाखाली, थोडं आत सरकून, कौशल्याबाई.

"बरोबर हाय," म्हणत ते लगबगीने गेले. डबा टेबलावरच राहिला.

वर्षाली तो घेऊन गेटकडे धावली. ते आत गेले होते, दिवा हिरवा झाला होता.

"राहू द्या मॅडम," सिक्युरिटीवाला म्हणाला. "रिकामाच असतो. बाई गेल्यापासून रोज तसाच आणतात."