वकीलसाहेबांची दाढ आणि सिस्टरची अट

मित्रांनो, खुर्चीसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्या वाट्याला ते भाग्य कधी आलं नाही. मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसायला आलेला माणूस दारातूनच परत फिरायचं निमित्त शोधतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडाचा जड पाय, हिरवं रेक्झिन, वरखाली करायला पायाने दाबायचा पंप, डोक्याखाली गोल उशी आणि बाजूला चूळ टाकायचं पांढरं भांडं. एका तरुण डॉक्टरांनी मला हौसेने आणलं. ते म्हातारे झाले, गेले, आणि त्यांची मुलगी दवाखाना बघू लागली. बापलेक दोघंही सकाळी आल्या आल्या आधी मला पुसायचे आणि मग हात धुऊन कामाला लागायचे. "काय सुरेख खुर्ची आहे हो!" असं लोक म्हणायचे. अर्थात उतरल्यावर.

माझ्यावर भलेभले बसले आणि भेदरले. घाबरलेला माणूस तोंडाने काहीही म्हणो, त्याची बोटं माझ्या दांड्यांवर आवळतात. त्या आवळण्यावरून मला माणूस कळायचा. पण ज्या दुपारची गोष्ट मी सांगणार आहे, तशी पकड मी पुन्हा अनुभवली नाही.

आमच्या शहरात नगराध्यक्ष आणि उपनगराध्यक्ष जोडीने निवडून येतात. मतपत्रिकेवर दोन नावं असतात, एक वर आणि एक खाली. त्या वर्षी एक मोठा कंत्राटदार उभा राहिला होता. लोक त्याला काँक्रीटशेठ म्हणायचे. नगरपालिकेचा दवाखाना पाडून तिथे दुकानांची इमारत बांधायची, हा त्याचा बेत लपून राहिला नव्हता. गरिबाला रात्री-अपरात्री जायला तेवढं एकच ठिकाण होतं.

त्याच्या विरोधात दोघं होते आणि त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. एक आमचे वकीलसाहेब. दोनदा नगराध्यक्ष झालेले, आवाज असा की ध्वनिक्षेपक लाजावा. दुसरी त्याच दवाखान्यात पंचवीसेक वर्षं परिचारिका असलेली बाई. तिला सगळं शहर सिस्टर म्हणायचं. मागच्या निवडणुकीत ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा वकीलसाहेब भर चौकात म्हणाले होते, "हिने दवाखान्यातली औषधं बाहेर विकली!" चौकशी झाली. काहीच निघालं नाही. पण बोललेला शब्द काही चौकशीबरोबर बंद होत नाही.

आता मतं फुटली की काँक्रीटशेठ आरामात येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोघांनाही कळत होतं. फक्त आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न होता. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंनीच निरोप दिले. दोघंही त्यांचे पेशंट. रविवारी दवाखाना बंद असतो आणि गालाला रुमाल बांधून दंतवैद्याकडे जाणाऱ्या माणसाकडे कोणी संशयाने बघत नाही.

वकीलसाहेब पुढच्या दाराने आले. त्यांना रुमालाचं सोंग करावं लागलं नाही. त्यांचा उजवा गाल खरोखरच टम्म सुजला होता. सिस्टर मागच्या दाराने आल्या, स्कूटर गल्लीत लावून. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला नाही. सिस्टर बाकावर बसल्या. दुसरी जागा नव्हती, म्हणून वकीलसाहेब माझ्यावर टेकले.

"इथे आवाज चढवायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेजारी शेठचा माणूस राहतो."

"मी थोडक्यात सांगतो," वकीलसाहेब म्हणाले. "नगराध्यक्ष मी, उपनगराध्यक्ष तुम्ही. दवाखाना वाचतो. विषय संपला."

"वर नाव माझं," सिस्टर म्हणाल्या.

"तुमचं? तुम्हाला सभागृहाचा अनुभव काय?"

"तुम्हाला दवाखान्याचा काय?"

"सिस्टर, माझ्या नावावर मतं पडतात!"

"मग या निवडून एकटे. इथे कशाला आलात?"

वकीलसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच धरून बसले. कळ थेट कानात गेली असावी. त्यांचं सगळं अंग माझ्या पाठीवर थरथरलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढून आत बघितलं.

"काका, पू झालाय. किती दिवस अंगावर काढलंत? ही दाढ आजच काढायला हवी. पण माझी मदतनीस सुट्टीवर आहे."

मग बाक करकरला. सिस्टर उठल्या, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि हातमोजे मागितले.

मित्रांनो, वकीलसाहेबांची बोटं तेव्हा माझ्यावर अशी रुतली की रेक्झिनला चीर गेली. ज्या बाईला आपण चोर म्हटलं, तिच्या हातात आपलं डोकं द्यायचं! पण दाढ काही पक्ष बघत नाही. त्यांनी मान मागे टाकली.

भुलीचं इंजेक्शन दिलं. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, वाट बघावी लागते. सिस्टरचा तळवा त्यांच्या कपाळावर होता, घट्ट आणि स्थिर. वकीलसाहेबांचा जबडा उघडा, जीभ बधिर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते समोरच्याला मध्येच तोडू शकत नव्हते.

"तुम्ही चौकात बोललात," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या डब्यात कोणीतरी औषधांच्या रिकाम्या बाटल्या भरल्या. तो दहावीत होता. घरी येऊन मला एकच विचारलं, 'आई, खरं का गं?' मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. पण त्याला विचारावंसं वाटलं, हेच मला लागलं. महिन्याभरात तो मामाकडे शिकायला गेला. आता नोकरीही तिकडेच करतो. फोन करतो, चांगलं बोलतो. घरी येत नाही."

चिमटा दाढेला लागला. वकीलसाहेब कण्हले.

"डोकं हलवू नका. झालंच," सिस्टर म्हणाल्या. "मला वरचं नाव नको, वकीलसाहेब. ते मी रागाने म्हटलं. मला एवढंच हवंय, जिथे बोललात तिथेच उभं राहून सांगा की ते खोटं होतं. मग नाव कुठेही लिहा."

दाढ निघाली. भांड्यात टण्णकन आवाज झाला. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा दाताखाली ठेवला आणि अर्धा तास अवाक्षर बोलायचं नाही म्हणून बजावलं.

तेवढ्यात पुढचं दार धाडधाड वाजलं.

"मामा! आत आहात ना?"

तो वकीलसाहेबांचा भाचा होता. त्यांच्या सगळ्या प्रचाराची सूत्रं त्याच्याच हातात होती. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. मागचं दार उघडंच होतं, सिस्टर जाऊ शकल्या असत्या. त्या हलल्या नाहीत. हातमोजे काढून उभ्या राहिल्या. दार उघडावंच लागलं.

भाचा आत आला. आधी मामाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "गल्लीत स्कूटर दिसली तेव्हाच मला शंका आली. मामा, या बाईबरोबर? अहो, ही चोर आहे हे तुम्हीच आम्हाला घरोघर सांगायला लावलंत! आता कोणत्या तोंडाने सांगायचं? एक माणूस राहणार नाही तुमच्याकडे. मीसुद्धा."

वकीलसाहेबांना फक्त मान हलवायची होती. नाही म्हणून हलवली असती तर भाचा राहिला असता, कार्यकर्ते राहिले असते आणि सिस्टर मागच्या दाराने निघून गेल्या असत्या. त्यांचे हात माझ्या दांड्यांवर आवळले, सुटले, पुन्हा आवळले. मग त्यांनी वाकून कापसाचा बोळा भांड्यात थुंकला. ओठातून रक्ताची धार आली.

"खोतं होतं ते," ते म्हणाले. जीभ वळत नव्हती. "माज्याकदे पुलावा नव्हता. तुलाही माहीत होतं."

एरवी त्या बोबड्या बोलण्यावर कोणीही हसलं असतं. तिथे कोणी हसलं नाही. भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो पाठ फिरवून गेला आणि दार उघडंच टाकून गेला.

सिस्टरनी नवा बोळा पुढे केला. "चावून धरा," म्हणाल्या. "हे इथे झालं. चौकातलं बाकी आहे."

पुढचे दिवस मी बसल्या जागी कान टवकारून काढले. माझ्यावर बसणारे पेशंट भूल चढेपर्यंत बातम्या सांगत. कोणी म्हणे वकीलसाहेब तापाने फणफणलेत, कोणी म्हणे शेठने त्यांना गप्प केलं. अर्ज भरायची मुदत संपत आली तरी चौकात कोणी फिरकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई अवजारं उकळायला ठेवून खिडकीत जाऊन उभ्या राहत.

शेवटच्या दिवशी सकाळी एक भाजीवाली कळवळत आली आणि तशा अवस्थेतही तिने आधी बातमी सांगितली. वकीलसाहेब चौकात एका खोक्यावर उभे राहिले होते. ध्वनिक्षेपक नाही, मंच नाही. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याच लोकांनी रिकाम्या बाटल्या फेकल्या, एक कपाळाला लागली. ते थांबले नाहीत. खोक्यावरून उतरून थेट नगरपालिकेत गेले. तिथे सिस्टर थांबल्या होत्या. अर्जावर वरच्या ओळीत त्यांनी स्वतःच्या हाताने सिस्टरचं नाव लिहिलं. सिस्टर म्हणाल्या, "मी हे मागितलं नव्हतं." ते म्हणाले, "माहीत आहे."

निवडणूक सोपी गेली नाही. निम्मे कार्यकर्ते शेठकडे गेले, भाचाही गेला. मतमोजणी इतकी घासून चालली की डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी एकही दात काढला नाही. जोडी निवडून आली, अगदी थोडक्यात. मतदानाच्या दिवशी सिस्टरचा मुलगा गावी आला होता. त्याचं नाव सिस्टरनी इथल्याच यादीत घातलं होतं. तो दोन दिवस राहिला, असं ऐकलं.

म्हणून ती दोघं गोडीगुलाबीने नांदली असं समजू नका. बैठकीत आजही टेबलं आपटली जातात. पण दवाखाना उभा आहे. डॉक्टरीणबाईंनी नवी, विजेवर चालणारी खुर्ची घेतली तेव्हा मला त्याच दवाखान्याला देऊन टाकलं. तिथल्या एका खोलीत मी आता मोफत काम करते.

वय झालंय. पंप कुरकुरतो, रेक्झिनची चीर वाढत चाललीय, उशी एका बाजूला कलते. परवा कोणीतरी मला भंगारात काढा म्हणालं. मित्रांनो, तसं करू नका. थोडं तेल आणि एक ठिगळ, एवढ्यावर मी अजून बरीच वर्षं तग धरेन.

आणि तुमच्यासाठी एक सांगते. दुखणारी दाढ अंगावर काढू नका. आत ठसठसत राहतं, चेहरा सुजतो आणि माणूस समोरच्यावर खेकसतो. दुखायला लागलं की लगेच या. भीती वाटली तर माझे दांडे आवळा, मला सवय आहे. आणि उशीर झाला असेल, फार उशीर झाला असेल, तरीही या.