तीन टक्के पाय

मित्रांनो, गाडी शेवटी लोण्यासारखी चालली. घरापासून हॉस्पिटलपर्यंत एकही धक्का बसला नाही आणि आई वाटेत चक्क झोपली.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायची पद्धत आहे आणि माझ्या जन्माच्या वेळी गाडी, आई, झोप यातलं काहीच नव्हतं.

मी एक जुना डबा आहे. नीट सांगायचं तर इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा कॉम्प्युटर. पण गाडीबरोबर आलेला नव्हे, मागाहून बसवलेला. सावत्र म्हणा. कारखान्यात मला तापवलं, गारठवलं, गदागदा हलवलं आणि 'पास' असा शिक्का मारला. त्यानंतर आयुष्यात मला कोणी पास म्हटलं नाही.

मला आणणारा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट थांबताना आतल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये, यासाठीच तो नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याला वारा कापत जायचं असे. घरच्या जुन्या गाडीचा मूळ कॉम्प्युटर निवृत्तीला आलेल्या कारकुनासारखा होता. काम वेळेत, उत्साह शून्य. मुलाने त्याला काढला आणि मला बसवला.

बसवल्यावर आधी शिकवणी असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि मला सांगायचं, हे शून्य. मग पूर्ण दाबायचा, हे शंभर. मधलं मी मोजतो. मुलाने तसंच केलं. पण त्या दिवशी पेडलखाली आईने जुन्या चादरीचं शिवलेलं जाड पायपुसणं होतं. "नव्या डब्याला माती लागायला नको," म्हणून तिने ते सकाळीच घातलं होतं. त्याच्या कडेत अडकून पेडल किंचित दबलेलं राहिलं. तीन टक्के. म्हणजे मला शून्य शिकवलं ते शून्य नव्हतंच. पण मी नवा होतो, आणि नव्याने शंका काढू नये.

पायपुसणं होतं तोवर सगळं सुरळीत होतं. मग मुलाच्या एका मित्राने विचारलं, "हे काय, मोरीपाशी होतं ते उचलून आणलंस?" मुलाने पायपुसणं डिकीत भिरकावलं. पेडल मोकळं होऊन तीन टक्के वर आलं आणि तेवढ्या जागेत मी ठार आंधळा झालो. पाय त्याहून हलका पडला की मला वाटे, पाय नाहीच. आणि चालत्या गाडीत पाय नाही म्हणजे पेट्रोल बंद, हा माझा नियम. इंजिन गळाठलं की घाबरून पुन्हा सोडायचो. बंद, चालू, बंद, चालू. गाडीला उचकी लागल्यासारखी.

मुलाला ही उचकी कधी जाणवलीच नाही, कारण त्याच्या पायाला तीन टक्के ठाऊकच नव्हते. गाडी चालवायची ताई, त्याची मोठी बहीण. ती घड्याळं दुरुस्त करायची. हात हलका, पाय त्याहून हलका. तिच्या शेजारी, सपाट पाडलेल्या सीटवर, आई. आईच्या मणक्यात दुखणं शिरलं होतं आणि दर मंगळवारी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला उपचारांना न्यावं लागे. दुसऱ्या गाडीत तिला आडवं होता येत नव्हतं. वाटेत एक बाजार, तीन सिग्नल, एक शाळा. म्हणजे हळू. म्हणजे मी.

मला ऐकू कसं येतं असं विचारू नका. इंजिनाची टकटक ओळखायला मला एक कान दिलेला होता, त्यातून घरही आत आलं.

"अरे, गाडी धक्के देते," ताई म्हणायची.

"तुझ्या पायात दोष आहे."

"माझ्या पायात? मी केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवते!"

"मग चिमट्याने चालव. माझ्या हातात तर मस्त पळते."

एका मंगळवारी त्याने आईला स्वतः नेलं. धक्का बसला नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "बाळा, तुझ्यापेक्षा धक्के बरे."

त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपसुद्धा बदलला. माझ्या पोटात दोनशे छप्पन्न घरांचा एक तक्ता आहे. कुठल्या वेळी किती पेट्रोल, ते त्यात लिहिलेलं असतं. त्याचा वरचा उजवा कोपरा म्हणजे वेग, धूर आणि मित्रांच्या टाळ्या. खालचा डावा कोपरा म्हणजे आई. मुलाने आठ महिने वरचा कोपरा घासूनपुसून लख्ख केला.

मग एका मंगळवारी आई गाडीत बसलीच नाही.

"अगं, उपचार मध्येच सोडून कसं चालेल?" ताई म्हणाली.

"दुखण्याने जायचं तर जाईन. याच्या हातून नको. याला हळू म्हणजे काय ते कळतच नाही."

'याला' म्हणजे मला. मुलाला वाटलं, त्याला. दोघांनीही मान खाली घातली. माझी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. मानेखाली आईची उशी आणि पोटावर लॅपटॉप घेऊन तो आईच्या जागी आडवा झाला. "बाजारातून घे. मंगळवारसारखी चालव." बाजाराच्या तोंडाशीच पहिला धक्का बसला.

"आई गं!"

"तीही हेच म्हणते," ताई म्हणाली.

"पाय कशाला काढलास?"

"काढला नाही."

"स्क्रीनवर शून्य दिसतंय."

"मग स्क्रीनला सांग, पाय आहे. निळा मोजा घातलाय."

त्याने वाकून पाहिलं. पाय होता. मोजा निळाच होता. त्याने गाडी घरी घ्यायला सांगितली. मग त्याने डिकीतून पायपुसणं काढलं आणि पेडलखाली सारलं. स्क्रीनवर शून्य. काढलं. शून्य. दोन्ही वेळा मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

तो पायपुसणं मांडीवर घेऊन बसून राहिला. ताईला कळायला वेळ लागला नाही. ती एवढंच म्हणाली, "आईला सांगू नकोस."

दुरुस्तीला दहा सेकंद लागले. पाय काढला, शून्य. पूर्ण दाबला, शंभर. पुढचे पाच दिवस तो खालच्या डाव्या कोपऱ्यात राहिला. ताई गोगलगाईच्या चालीने फेऱ्या मारायची आणि तो एकेका घरात थेंब-थेंब पेट्रोल घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. मला पहिल्यांदाच कोणीतरी हळू शिकवत होतं.

"एकदाच बस," मंगळवारी ताई आईला म्हणाली. "धक्का बसला तर डबा काढून त्यात बटणं ठेवू."

आई बसली. आणि मग ते घडलं, जे तुम्ही वाचलेलं नाही. हॉस्पिटलच्या दारात ताईने हलवलं तेव्हा आईने डोळे उघडून विचारलं, "निघायचं का आता?"

आत डॉक्टर म्हणाले, पुढच्या मंगळवारपासून यायची गरज नाही. या वाक्याचे दोन अर्थ होतात. त्यातला कुठला, ते मला पेडलवरून कळलं. येताना ताईचा पाय सव्वा टक्क्यावर होता. तिने लांबचा रस्ता घेतला. मी तो पाय घरापर्यंत क्षणभरही सोडला नाही.

महिन्याभरात सपाट सीटवर आडवं होणारं कोणी उरलं नाही. मुलाने जुना कारकून परत बसवला. मी ताईच्या कपाटात आहे, त्याच पायपुसण्यात गुंडाळलेला. बटणं अजून कोणी ठेवलेली नाहीत.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती, की तीन टक्क्यांखालील पाय हा पाय धरण्यात यावा. हलका आहे म्हणून तो नाहीच, अशी नोंद कोणत्याही डब्याने, भावाने अथवा अन्य यंत्राने करू नये. आणि सदर दुरुस्ती मागील तारखेपासून, म्हणजे पायपुसणे डिकीत टाकल्याच्या दिवसापासून, लागू करून मधले चौतीस मंगळवार अर्जदारास पुन्हा चालवण्यास मिळावेत.

सोबत : पायपुसणे, एक नग.