हार्लनच्या धक्क्यावरची मोजफळी

मी एक जुनी मोजफळी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात हेरन तळ्याच्या काठी हार्लन नुटिलाचे गळ आणि आमिषे विकण्याचे दुकान आहे, आणि दुकानासमोर लाकडी धक्का आहे. त्या धक्क्याच्या कठड्यावर मला स्क्रूने बसवलेले आहे. माझ्या एका टोकाला ठोकळा आहे. माशाचे तोंड ठोकळ्याला टेकवायचे, अंग माझ्यावर पसरायचे आणि शेपटी कितीवर येते ते वाचायचे. एवढ्या सोप्या कामातही माणसे किती तऱ्हेची लबाडी करू शकतात, हे मी एकतीस वर्षे पाहिले आहे. तेव्हा मित्रांनो, मी तुम्हाला मित्रांनो म्हणते ते केवळ आत्मवृत्तात तसे म्हणायची पद्धत आहे म्हणून.

गावातल्या चर्चचे जुने बाक मोडीत निघाले, त्यांतल्या एका बाकाची पाठ म्हणजे मी. चाळीस वर्षे लोक मला टेकून प्रवचन ऐकत आणि डुलक्या काढत. माणसांविषयी माझे मत तेव्हापासूनच बरे नाही. हार्लनने मला घरी आणले, रंधा मारला आणि तापलेल्या खिळ्याने इंचाइंचाच्या खुणा भाजून काढल्या. मग ठोकळा ठोकला. त्याची बायको मार्व्हल माझे दुसरे टोक धरून बसली होती. पुढे दर वसंतात बर्फ वितळले की ती मला जवसाचे तेल चोळायची. ती गेली तेव्हापासून मला तेलाचा थेंब मिळालेला नाही. हार्लन दु:खात होता, मान्य आहे. पण दु:खात असताना तो स्वतःच्या बुटांना मेण लावायला विसरला नाही, हेही मी पाहिले आहे.

आमच्या तळ्यात दोन माशांसाठी माणसे वेडी होतात. एक पसरट, काळ्या ठिपक्यांचा क्रॅपी आणि दुसरा काचेसारख्या डोळ्यांचा वॉलाय. तळे लहान, होड्या फार. जूनमधल्या शनिवारी तर तळ्यात मासे जास्त की माणसे जास्त असा प्रश्न पडतो. म्हणून नियम केलेले आहेत. दहा इंचांच्या आतला क्रॅपी परत सोडायचा. वीस ते सव्वीस इंचांमधला वॉलाय परत सोडायचा, कारण अंडी घालणाऱ्या माद्या त्याच मापाच्या असतात. सव्वीसच्या वरचा एकच ठेवता येतो. हे सगळे पाण्यात, होडीतच ठरवायचे असते, घरी आल्यावर नाही. त्यासाठी गावातल्या प्रत्येकाने आपले वल्हे माझ्या ठोकळ्याला टेकवून दहावर, वीसवर आणि सव्वीसवर चाकूने खाच पाडून घेतली होती. म्हणजे साऱ्या तळ्यावर माझेच राज्य होते आणि मला त्याचा भारी गर्व होता.

आता या मासेमाऱ्यांविषयी. कोणी माशाची शेपटी चिमटीत धरून पाव इंच ओढतो. कोणी जबडा उघडून ठोकळ्याला लावतो. फोटो काढताना हात इतके पुढे ताणतात की करंगळीएवढा मासा वासराएवढा दिसावा. डुएन श्रोडरच्या होडीत टीव्हीसारखे दोन पडदे असलेले यंत्र आहे. पाण्याखाली कोणता मासा कुठे तोंड करून उभा आहे, ते त्यांवर दिसते. आंधळ्यालाही मासा लागेल अशी ती होडी घेऊन डुएन बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने येतो आणि वाऱ्याला दोष देतो. किती मिळाले असे विचारले तर एकही जण सरळ सांगत नाही. ज्याची बादली भरलेली असते तो म्हणतो, वाईट नव्हता दिवस. ज्याची रिकामी असते तोही हेच म्हणतो. यांच्या पोटात शिरायचे तर माशाप्रमाणे यांनाच चिरावे लागेल.

पण माझ्याकडे मात्र सगळे यायचे. पूर्वेच्या काठावर दुसरे दुकान आहे, तिथेही फळी आहे. तिथे मासा मोजून लोक तोंड पाडून माझ्याकडे यायचे आणि माझ्यावर मोजला की त्यांचा चेहरा फुलायचा. हार्लनच्या फळीवर मोजला म्हटले की वाद मिटत असे. मला वाटे, माझ्या सचोटीची ही किंमत आहे. पूर्वेकडच्या त्या फळीची मला कीव यायची.

दुकानात एक भिंत होती. सव्वीसच्या वरचा वॉलाय मिळाला की त्याचे माप आणि मालकाचे नाव लिहून हार्लन तिथे चिठ्ठी लावायचा. सगळ्यांत वर मार्व्हलची चिठ्ठी होती. तीस इंच. इथे तीसचा वॉलाय मिळवून मेलेला माणूस सुखाने मेला असे समजतात, आणि साऱ्या भिंतीवर तीस एकच होता. मार्व्हल गेल्यावर हार्लन रोज दुकान उघडताना आधी त्या चिठ्ठीवरची धूळ पुसायचा, मग दिवा लावायचा.

त्या भिंतीवर आर्डिस क्वालेचे नाव नव्हते. आर्डिस ही शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. मार्व्हलची मैत्रीण. तळ्यावरची सर्वांत चांगली मासेमार, पण मोठा वॉलाय लागला की ती सोडून द्यायची, नियमात बसत असला तरी. तळ्याच्या मंडळाच्या प्रत्येक सभेत ती उभी राहून सांगायची की क्रॅपी संपत चालले आहेत, लहान मासे नेऊ नका, माप नीट घ्या. त्या वर्षी तिने ठराव मांडला होता की माणशी दहाऐवजी पाचच क्रॅपी न्यायचे. सभा जूनच्या शेवटच्या शनिवारी होती. लोकांना ती आवडत नसे, पण तिच्या शब्दावर कोणी बोट ठेवू शकत नसे. ठराव मंजूर होईल तर तेवढ्यावरच, असे सगळे म्हणत.

सभेच्या आधीच्या रविवारी आर्डिसच्या गळाला वॉलाय लागला. वल्ह्यावरच्या सव्वीसच्या खाचेपुढे त्याची शेपटी जराशी गेली. सोडावा की ठेवावा, याचा तिने किती विचार केला ते मला माहीत नाही. ठेवला खरा. धक्क्यावर येऊन तिने तो माझ्यावर ठेवला. शेपटी ओढली नाही, जबडा उघडला नाही. हार्लनने वाचले, सव्वासव्वीस. आर्डिस म्हणाली, “भिंतीवर लावशील?” सत्तरीला टेकलेली बाई, आणि विचारताना शाळेतल्या मुलीसारखी लाजली. हौसेपुढे कोणाचे काही चालत नाही, हे पाहून मला हसू आले.

चिठ्ठी लागली. आर्डिस मासा घेऊन गाडीकडे निघाली तेवढ्यात होड्या उतरवायच्या उतारावर मत्स्यखात्याची तपासनीस बाई आली. तिने रीतीप्रमाणे मासा मागितला, आपल्या पोलादी पट्टीवर ठेवला, शेपटी चिमटून पूर्ण लांब केली आणि दोनदा मोजला. पावणेसव्वीस. म्हणजे सोडायलाच हवा होता असा मासा.

आर्डिसने माझ्याकडे बोट दाखवले. तपासनीस म्हणाली, “फळी तुमची, पट्टी माझी. मला माझ्या पट्टीने लिहावं लागतं.” तिने मासा ताब्यात घेतला आणि दंडाचा कागद लिहिला.

धक्क्यावर आठ माणसे उभी होती. आठही जणांची नावे भिंतीवर होती. डुएन म्हणाला, “नेमका तुमच्याच माशाला अर्धा इंच कमी पडला होय, बाईसाहेब? आमची तर पाव इंचावरून शाळा घेता.” बाकीचे कॉफीच्या पेल्यात बघत राहिले. फळी तपासून पाहू या, असे एकाच्याही तोंडून निघाले नाही. हार्लन धक्क्यावरचा दोर गुंडाळत राहिला. आणि खरे सांगायचे तर मीही तिलाच खोटी ठरवली. म्हटले, मला कळू न देता ओढली असेल हिनेही शेपटी, हीही त्यांच्यातलीच. दुपारपर्यंत सारे गाव तेच म्हणत होते. ठराव मेला, आणि आर्डिसचा शब्दही त्याच्याबरोबर गेला.

सोमवारी सकाळी आर्डिस स्वतःची पोलादी पट्टी घेऊन आली. दुकानात हार्लन एकटाच होता, त्याला तिने धक्क्यावर बोलावले. तिने पट्टीचे टोक माझ्या ठोकळ्याला टेकवले. माझा सव्वीस तिच्या साडेपंचविसावर येत होता. माझा दहा तिच्या साडेनऊवर. मला वाटले पट्टीच खोटी आहे. मग ती ठोकळ्याजवळ वाकली. तिथे माझा एकचा आकडा ठोकळ्यापासून अर्ध्याच इंचावर होता. हार्लनने खुणा माझ्या कडेपासून मोजून भाजल्या होत्या आणि मग अर्धा इंच जाडीचा ठोकळा कडेच्या बाहेर न ठोकता वर ठोकला होता. माझा पहिला अर्धा इंच त्याच्याखाली झाकला गेला होता. माझ्यावर पडलेला प्रत्येक मासा अर्धा इंच लांब निघाला होता. एकतीस वर्षांत ते कोणी पाहिले नाही, कारण प्रत्येकाचे डोळे शेपटीवर असायचे.

मित्रांनो, पूर्वेकडून लोक माझ्याकडे का येत होते, ते मला त्या क्षणी कळले. इतकी लाज मला बाकाची पाठ असतानाही वाटली नव्हती.

हार्लनने ठोकळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “बाहेर ठोकला तर दिसायला बरा दिसणार नाही, असं मीच म्हणालो होतो. मार्व्हलने धरली होती फळी.” आणि पुढे म्हणाला, “तिचा तीसचा आहे, आर्डिस.”

“माहीत आहे. तो पाण्यातून काढताना जाळी मीच धरली होती.” आर्डिसने पट्टी पिशवीत टाकली. “शनिवारी सभा आहे. मी काही बोलणार नाही. तुझं तू ठरव.”

ती खरेच कोणाशी बोलली नाही. त्या आठवड्यात दुकानात तिच्यावर दिवसभर विनोद चालायचे. हार्लन ऐकायचा आणि आमिषाच्या अळ्या मोजायचा. रोज सकाळी चिठ्ठीवरची धूळ पुसायचा. हाही बाकीच्यांसारखाच निघणार, अशी माझी खात्री झाली होती.

शनिवारी सकाळी त्याने माझे स्क्रू काढले, मला काखेत मारले आणि चर्चच्या तळघरात नेले. सभा तिथेच भरते. आर्डिस ठराव वाचायला उठली तसे कोणीतरी खुर्ची करकरवली, कोणीतरी खोकले. डुएन म्हणाला, “आधी माशाचं माप शिका बाईसाहेब, मग संख्या.” लोक हसले. आर्डिस कागद धरून उभीच राहिली.

हार्लन पुढे आला. मला टेबलावर ठेवून त्याने पटाशीने ठोकळा उचकटला. खालचे लाकूड पिवळे धमक होते. पुढच्या रांगेतल्यांना खुणा दिसल्या. तो म्हणाला, “ही फळी अर्धा इंच जास्त सांगते. पहिल्या दिवसापासून. चूक माझी आहे. आर्डिसने वल्ह्याच्या खाचेवर विश्वास ठेवला आणि ती खाच माझ्या फळीवरून पाडली होती. आपल्या सगळ्यांच्याच खाचा तशा आहेत. दहाचे म्हणून नेलेले क्रॅपी साडेनऊचे होते.”

मग त्याने खिशातून मार्व्हलची चिठ्ठी काढली. तीसवर रेघ मारून शेजारी साडेएकोणतीस लिहिले. आकडा वाकडा आला.

डुएनने विचारले, “म्हणजे माझा एकोणतीसचा?”

“साडेअठ्ठावीस, डुएन.”

सगळे मनात वजाबाकी करत होते. आर्डिसचा शब्द खरा ठरला याचा आनंद एकाच्याही तोंडावर दिसला नाही. मत घेतले तेव्हा ठराव नऊ विरुद्ध चौदाने पडला. अर्धा इंच जाण्याचे दु:ख ताजे होते, त्यावर पाच मासे कोण देणार?

माफी कोणी मागितली नाही. इथे मागत नाहीत. आर्डिस गाडीकडे गेली तेव्हा पुढच्या सीटवर रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या वड्यांचे तीन डबे कोणीकोणी ठेवून गेले होते. तिने दंड भरला. मासा खरोखर लहान होता, म्हणाली, फळीची चूक फळीजवळ. आपली चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने फाडली. हार्लनने ठोकळा कडेच्या बाहेर ठोकला आणि मला जागेवर बसवले. बाकीच्यांना त्याने आपापल्या चिठ्ठ्या दुरुस्त करायला बोलावले, तेव्हा एकेक जण आला आणि दुरुस्त न करता चिठ्ठी घरी घेऊन गेला. भिंतीवर आता मार्व्हलची एकटीची राहिली आहे.

मी खरे बोलू लागल्यापासून धक्का ओस पडला आहे. सगळी गर्दी पूर्वेच्या दुकानात जाते. तिथल्या फळीचा ठोकळा म्हणे आता सैल झाला आहे आणि जोर दिला की मागे सरकतो.

आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो. फळीला तेल द्या, उन्हापावसात ठेवू नका, असे मी सांगायला हवे. पण तुम्ही देणार नाही, मला ठाऊक आहे. ज्या वस्तूने तुम्हाला मोठे केले तिलाच तुम्ही तेल देता. तेव्हा फक्त एवढेच मागते की माझ्या अर्ध्या इंचाबद्दल मला दोष देताना त्यात तुमचाही हात होता हे लक्षात ठेवा. एकालाही तो नको झाला नव्हता.

या वर्षी मे महिन्यात क्रॅपी काठालगत आले, तेव्हा आर्डिस धक्क्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिने एक ओला, तडफडणारा मासा माझ्यावर ठेवला. पावणेदहा. जुन्या हिशेबाने तो सव्वादहाचा होता आणि सरळ कढईत गेला असता. तिने हात बुडवून तो पाण्यात सोडला, आणि तो शेपटीचा एक फटका मारून निघून गेला. एकतीस वर्षांत त्या मापाचा एकही मासा माझ्यावरून परत गेला नव्हता.