बिनपायडलची चढण

म्हातारा ख्रिस्टोफ श्टोट्झ एकदा बोलला की बोलला. गाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात त्याचा जन्म गेला होता. पोराने, इमानुएलने, सायकलला इंजिन बसवून तीन वर्षं भट्टीपुढची जागा अडवली, हे त्याला मुळीच खपत नव्हतं. जत्रेच्या दिवशी ते यंत्र पायडल न मारता घाट चढून माथ्यावर आलं, तर इमानुएलने खुशाल कारखाना काढावा; नाही आलं, तर ते भट्टीत जाईल आणि इमानुएल मुकाट्याने धावा चढवेल. एवढं सांगून म्हाताऱ्याने पायडलं स्वतःच्या हाताने काढून घेतली आणि तो माथ्यावरच्या लिंडनच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला.

त्याची सून रेगीना मात्र बिनघोर होती. औषधवाल्याकडून कपड्यांचे डाग काढायचं बेंझीन तिने इंजिनासाठी इतकं वाहून आणलं होतं, की या बाईला धुण्यावाचून दुसरा उद्योग नाही असं गाव म्हणायचं. चाक फिरवणारा चामड्याचा पट्टा तिने शिवलेला, नळ्या तिनेच घासलेल्या. यंत्र चढणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती नवऱ्याच्या पोटाची.

आणि झालंही तसंच. इमानुएल ऐटीत निघाला, फटफट करत मधल्या वळणापर्यंत गेला आणि तिथे इंजिनाने मान टाकली. पुन्हा खाली आला, पुन्हा गेला, पुन्हा तेच वळण. बघायला जमलेले लोक पोट धरून हसत होते. घाटासाठी जादा घोडे भाड्याने देणारी खानावळवाली तर यंत्र ओढायला एक घोडा घेऊन तयारच उभी राहिली. इमानुएल घाम पुसत कधी पट्टा घसरतो म्हणे, कधी हवा दमट आहे म्हणे.

"पट्ट्याला कशाला नावं ठेवताय?" रेगीना म्हणाली. "इंजिन टीचभर आणि वर तुम्ही एवढे! सकाळी मसुरावर शेवया तीनदा वाढून घेतल्यात, तेव्हा सुचलं नाही? उतरा, मी जाते."

"तू? अगं, बाबा काय म्हणतील?"

"यंत्र वर यायला हवं म्हणाले मामंजी. त्यावर कोण बसणार, ते कुठे म्हणाले?"

बाईमाणूस यंत्रावर टांग टाकून बसलं तर गाव जन्मभर बोलेल, असं तो पुटपुटला. भट्टीत गेलं तर काय गाव आरती ओवाळणार आहे का, असं तिने विचारलं. तीन वर्षं उराशी धरलेलं यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे इमानुएलच्या जिवावर आलं होतं. मग त्याने कमरेचा पट्टा काढला, तिचा घागरा गुडघ्यांशी आवळून बांधला आणि यंत्र ढकलत असा धावला, की आयुष्यात कधी धावला नसेल.

इंजिन धडधडू लागलं. वळण आलं तसं ते कण्हायला लागलं, पट्टा किंचाळला. रेगीना पुढे वाकली, जवळजवळ आडवीच झाली. "चल गं माझे बाई, आता नखरे नकोत," ती म्हणाली. यंत्र क्षणभर अडखळलं आणि वळणापलीकडे गेलं. खालचं हसणं बंद झालं.

माथ्यावर म्हातारा खुर्ची सोडून उठला होता. त्याने हात वर केला.

"आलं," तो म्हणाला. "मान्य आहे, पोरी. थांब आता."

त्याच्या तोंडून 'मान्य' हा शब्द तिने आजवर ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले. यंत्र वाचलं होतं, कारखाना निघणार होता. ठरल्याप्रमाणे तिचा हात बेंझीनच्या तोटीकडे गेला. तोटी बंद केली की इंजिन बंद. मग चार माणसं गोळा होणार, पाठी थोपटणार, यंत्र ढकलून सुरू करणार आणि त्यावर पुरुषच बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे उल्म शहराचा रस्ता सपाट, मोकळा पडला होता.

तिने तोटी आणखी उघडली.

"मामंजी, ह्यांना सांगा, आजचा स्वयंपाक तुम्ही दोघं बघा," लिंडन मागे टाकताना ती ओरडली. "मी जरा उल्मला जाऊन येते!"