तीन कोपऱ्यांचा सर्कल

मी एक जुना सर्कल आहे, मित्रांनो. हसू नका. मला तीन कोपरे होते, हे मलाही माहीत आहे.

निपाणीकडून येणारा रस्ता, चिकोडीकडं जाणारा रस्ता आणि गावात शिरणारा रस्ता, या तिन्हींच्या मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात मारुतीराव गवंड्यानं काळ्या दगडाचा कट्टा बांधला. जागा त्रिकोणी, म्हणून कट्टा त्रिकोणी. तोच मी. एका कोपऱ्यात कडुलिंब होता, तो माझ्या आधीचा.

मग सर्कल हे नाव कसं? आमच्या भागात रस्ते मिळतात त्या जागेला सर्कलच म्हणतात. गोल असो, चौकोनी असो, नाहीतर नुसता खड्डा असो. तरी गावानं भांडण केलंच. अर्ध्या गावाला पाटीवर 'चौक' पाहिजे होतं, अर्ध्याला कन्नडमधलं 'वृत्त'. दोन्ही पाट्या लागल्या, दोन्हींना डांबर फासलं गेलं. शेवटी 'सर्कल' लिहिलं. हा शब्द दोघांचाही नव्हता, म्हणून दोघांनाही चालला. त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही.

लिंबाखालच्या कोपऱ्यात नागुबाई उकडलेल्या शेंगांची बुट्टी घेऊन बसायची. बत्तीस वर्षं. कोपरा असा टोकदार, की निपाणीची बस थांबली तरी तिचा हात खिडकीला पोचायचा आणि चिकोडीची थांबली तरी. वर दिवसभर सावली. सकाळी आली की आधी मला झाडायची, पाणी मारायची, मग बुट्टी टेकायची.

शाळेतल्या राजश्री बाई गणित शिकवायच्या. पोरांना टेप घेऊन माझ्याकडं आणायच्या. "हा बघा त्रिकोण." पोरं ओरडायची, "बाई, ह्यो सर्कल हाय!" परीक्षेत तेरा जणांनी लिहिलं, सर्कलला तीन बाजू असतात. बाईंनी तेराही उत्तरांवर फुल्या मारल्या आणि घरी जाताना माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच कॉपी पुरवली.

मग पद्मराज अण्णा पंचायतीत निवडून आले. माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी नागुबाईच्या शेंगा खायचे आणि टरफलं माझ्यावर टाकायचे. त्यांनी 'सर्कल सुशोभीकरण' नावाची योजना शोधून काढली. कॉम्प्युटरवर अर्ज भरायचा. त्यात एक रकाना होता, त्रिज्या. तो भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकेना. अण्णांनी चार पावलं टाकली आणि ठोकून दिलं, नऊ फूट. कुठून कुठवर नऊ, ते त्यांच्या चपलेला माहीत.

मंजुरी आली. तालुक्याचे साहेब आले. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, परत कागद बघितला.

"सर्कल कुठाय?"

"त्याच्यावरच हुबं हायसा की, सायेब."

"हा गोल नाही."

"नावानं हाय," अण्णा म्हणाले.

साहेबांनी शेरा मारला: जागा कागदाप्रमाणे करून घ्यावी.

राजश्री बाई तिथंच कट्ट्यावर अण्णांना म्हणाल्या, "अहो, कागदावर त्रिकोण लिहा. एका शब्दाचं काम आहे."

"बाई, त्रिकोणाला योजना न्हाय. सर्कललाच हाय."

"आणि माझं काय, अण्णा?" नागुबाईनं विचारलं.

"आक्का, नऊ फुटाचा गोल मारला की तुजा कोपरा भाईर जातोय. मी काय करू? गणित हाय ते."

"ह्या कोपऱ्यानं माज्या दोन पोरी वाढवल्या. तुज्या गणिताला इचार, मी बुट्टी कुठं ठेवू?"

अण्णा शेंगा सोलत राहिले. त्या दिवशी टरफलं मात्र त्यांनी स्वतःच्या खिशात घातली.

तिन्ही कोपरे फोडले. लिंब कोपऱ्यात उभा होता, तोही गेला. चकचकीत फरशा आल्या, कठडा आला, कारंजं आलं. उद्घाटनाला कारंजं एकदाच उडालं, तेही थेट अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर, गंजासकट. टाळ्या झाल्या. राजश्री बाईंनी टेप लावली. एकीकडं नऊ फूट, दुसरीकडं अकरा! एवढी तोडफोड करून मी गोल झालोच नव्हतो, मित्रांनो. अंडं झालो होतो.

नागुबाई आता कठड्याला टेकून बसायला बघायची. सावली नाही. निपाणीच्या बसला शेंगा दिल्या, की चिकोडीच्या बससाठी अख्खा वळसा घालून पळायचं. साठीची बाई. एकदा पळताना बुट्टी लवंडली आणि शेंगा चाकांखाली गेल्या. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. अनगोळला लेकीकडं गेली म्हणे.

माझे कोपरे गेले आणि पोट रस्त्यात आलं. उसाच्या हंगामात गावातल्या भावकूचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली माझ्यात घुसली. उद्घाटनानंतर कारंज्यातून पाणी कधी आलं नाही, त्या दिवशी ऊस आला. "मी निट वळलो!" भावकू ओरडत होता, "ह्येचंच प्वाट मदी आलं!" असे तीन ट्रॅक्टर झाले. मग पंचायतीनं जेसीबी लावला आणि मला उचलून फेकलं. आता तिथं नुसतं डांबर आहे. पाटी आहे. सर्कल.

माझा एकच दगड उरलाय, नागुबाईच्या कोपऱ्यातला. शाळेच्या भिंतीला टेकून पडलोय. इथून रस्ता दिसतो.

गेल्या महिन्यात बस थांबली. कंडक्टर ओरडला, "सर्कल! सर्कलवालं उतरा!" नागुबाई उतरली. काखेत बुट्टी. रस्त्याकडेला भावकू उभा होता.

"भावकू, सर्कल कुठं गेला रं?"

"तू हुबी हायस त्योच की, आक्के."

तिनं पायाखाली बघितलं. अण्णा समोरून लगबगीनं आले. "आक्का, शेंगा आणलीस व्हय?"

"आणल्या की. ठेवू कुठं, सांग."

अण्णांनी चारी बाजूंना बघितलं. मागच्या गाडीनं हॉर्न मारला. नागुबाई बाजूला झाली आणि आलेल्या बसनं परत गेली, भरल्या बुट्टीनं.

मित्रांनो, शाळेत त्रिज्या काढायला शिकवतील. शिका. पण उद्या तुम्ही साहेब झालात आणि कागद जागेशी जुळला नाही, तर आधी कागद खोडा. कागदाला खोडरबर चालतो. माझा कोपरा फोडायला सुतकीचे, म्हणजे जड घणाचे, घाव लागले होते, आणि तो परत काढायला तुमच्या कंपासपेटीत काहीच नाही.