फियाटचा कंबरपट्टा

सोनुबाईला गाडी लागायची. नुसती थोडीथोडकी नव्हे. एसटीचा वास आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या तर झोप यायची, आणि झोपेतसुद्धा उलटी व्हायची. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिनं उभा जन्म काढला, त्या खकाण्यात कधी साधी शिंकली नाही. पण चाकं लागलेली कुठलीही वस्तू, बैलगाडी सोडून, तिची वैरी होती.

त्यामुळं तिचं जग पायानं जाता येईल तेवढंच राहिलं. त्याचं तिला दुःख नव्हतं. दुःख एकच होतं. तिची धाकटी बहीण कोंडाबाई लोंढ्याला राहायची. नवरा रेल्वेत पॉइंट्समन होता, रिटायर होऊन तिथंच घर बांधून राहिला. पूर्वी कोंडाबाईच वर्षातून एकदा निपाणीला यायची. मग ती विहिरीच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, आणि घराचा उंबरा ओलांडणंही तिला जड झालं. ती येऊ शकत नव्हती, ही जाऊ शकत नव्हती. चार वर्षं दोघी बहिणी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून एकमेकींना निरोप धाडत होत्या.

सोनुबाईचा मुलगा सिद्राम बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. डिप्लोमा झालेला. त्यानं ब्याऐंशी साली एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली ती खरं तर आईसाठीच. खासगी गाडीत आईला बरं वाटेल, हवं तिथं थांबता येईल, काच खाली करता येईल, असा त्याचा हिशेब.

पहिल्या खेपेला सगळी गल्ली लोटली होती. कुणी बॉनेटवर झेंडूची माळ घातली. सोनुबाई ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून, भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. गाडी निपाणीबाहेर पडली, तवंदीच्या घाटाला लागली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला गाडी अशी कलली की गाठोडं दारावर जाऊन आदळलं. तिसऱ्याला सोनुबाई म्हणाली, "थांबीव."

पुढचं सांगायला नको. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तिनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि जाहीर केलं, "मी न्हाय येत. तू जा."

"मी एकटा जाऊन काय करू आई?"

"कोंडाला सांग, तुझी भण अर्ध्या घाटापतोर आलती म्हणून."

एवढ्यात निपाणीकडं एक रिकामी बैलगाडी चालली होती. सोनुबाईनं तिला हात केला, आणि झटकन वर चढून बसली. सिद्रामला आईला सोडून पुढं जाववेना. त्यानं गाडी वळवली आणि बैलांच्या मागोमाग, पहिल्या गिअरमध्ये, झेंडूच्या माळेसकट, तो निपाणीला परत आला. गल्लीतली माणसं अजून तिथंच उभी होती.

बेळगावला परतल्यावर सिद्रामनं ही हकिकत रवळूला सांगितली. रवळू खानापूरकडचा, घरी भातशेती. कारखान्यात फोर्जिंगच्या भट्टीवर होता. आधी तो पोट धरून हसला. मग गंभीर झाला.

"आईला गाडी लागती खरं, पर तुझी गाडी बी कमी न्हाय. परवा मला घेऊन आलास तवा मी बी दांडी धरून बसलो होतो. सांगितलं न्हाय इतकंच."

रविवारी दोघांनी गाडी विटांवर चढवली आणि खाली शिरले. मागचे शॉकअप गळून मेलेले होते. ते नवे घातले. गाडीचं उसळणं थांबलं. पण वळणावर कलणं काही गेलं नाही. मग सिद्रामचं लक्ष मागच्या आडव्या दांड्याकडं गेलं. स्टॅबिलायझर म्हणतात त्याला. डाव्या-उजव्या चाकांना तो एकमेकांशी बांधून ठेवतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि पिळाच्या जोरानं तिला परत सरळ ओढतो. फियाटला तो होता, पण करंगळीपेक्षा थोडाच जाड, आणि त्याला धरून ठेवणारे रबरी बुश झिजून चाळणी झाले होते.

"जाड दांडा घालूया," सिद्राम म्हणाला.

"घालूया की. त्यात काय!" रवळूला जाड म्हटलं की आनंदच व्हायचा.

मालकांना विचारून दोघांनी काम सुटल्यावर भट्टी वापरली. स्प्रिंगच्या पोलादाची सळी आणली, जुन्या दांड्यावर बेतून वाकवली, लाल करून तेलात विझवली, मग पुन्हा मंद तापवून तिचा ठिसूळपणा घालवला. दांडा असा देखणा झाला की रवळू तो खांद्यावर टाकून सगळ्या वर्कशॉपमध्ये मिरवून आला.

वंटमुरीच्या घाटात चाचणी ठरली. वर चढताना दोघं खुशीत होते. गाडी वळणावर टेबलासारखी सपाट! रवळूनं मांडी ठोकली. "मर्दा, हिच्यात बसून दाढी करता येईल!"

सिद्रामला जोर चढला. घाटमाथ्यावरून त्यानं गाडी वळवली आणि बेळगावच्या रोखानं जरा वेगातच खाली सोडली. एका डाव्या वळणावर ट्रकमधून सांडलेली बारीक खडी पसरली होती. पुढची चाकं त्यावरून नीट गेली. मागची गेली नाहीत. गाडीचं बूड भसकन बाहेर निघालं, रस्ता काचेसमोरून आडवा पळाला, मागोमाग डोंगर पळाला, आणि गाडी कडेच्या गवतात चारी चाकांवर शांतपणे उभी राहिली. तोंड आलेल्या दिशेला.

धूळ बसली. समोर एक धनगर मेंढरं थांबवून उभा होता. त्यानं गाडी पाहिली, दोघांची तोंडं पाहिली आणि अगदी अदबीनं कानडीत विचारलं, "यल्ली होंटीरी?" कुठं निघालात म्हणून.

मग रवळूला हसू फुटलं, ते सिद्रामला लागलं, धनगरालाही लागलं, आणि त्यानंच मागून ढकलून गाडी रस्त्यावर घातली.

घरी आल्यावर सिद्राम खांबाला टेकून बसला. बायको शालूबाईनं चहा दिला, दोघांच्या डोक्यातलं गवत काढलं, आणि विचारलं, "आता हे कशानं झालं?"

"माझ्या शहाणपणानं," सिद्राम म्हणाला. "दांडा दीडपट जाड केला की ताकद दीडपट होत न्हाय, पाचपट होती. डिप्लोमाला हेच गणित मी पेपरात सोडवून आलतो. आणि भट्टीपुढं उभा राहिल्यावर साफ विसरलो. मागचं अंग इतकं ताठ झालं की चाकांची रस्त्यावरची पकडच सुटली."

"मग थोडाच जाड करायचा," शालूबाई म्हणाली. "मीठ थोडं कमी पडलं म्हणून कुणी मूठभर टाकतं व्हय?"

दुसरा दांडा बेताचा केला, जुन्याहून जराच जाड. बुश मात्र नवे, घट्ट घातले. या खेपेला चाचणीला शालूबाई पुढं बसली, सासूच्या जागी. वंटमुरीचा घाट दोनदा चढून उतरून झाल्यावर ती म्हणाली, "झोकांडी गेली. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की जरा जास्त हादरतंय, पण ते चालतंय. आता दुसरं सांगू? राग येणार न्हाय?"

"सांग की."

"तुम्ही वळणात शिरल्यावर ब्रेक मारतासा. आधी मारा. आत शिरल्यावर गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्या. गाडीचा दांडा बदलला, आता पायाची खोड बदला."

रवळूनं मागच्या सीटवरून हळूच मान डोलावली. पुढचे पंधरा दिवस उद्यमबागेला जाता-येता सिद्राम प्रत्येक वळणाआधीच वेग उतरवायची सवय करत होता. सायकलवाले त्याला ओलांडून पुढं जायचे.

आता खरी परीक्षा सोनुबाईची. सिद्राम निपाणीला गेला तेव्हा तिनं गाडीकडं पाहून पाठ फिरवली. रवळू मुद्दाम सोबत आला होता. तो म्हणाला, "आक्का, एकदा खाली वाकून बघा तरी आम्ही काय केलंय ते."

सोनुबाई अंगणात ओणवी झाली. दांडा पाहिला. सिद्रामनं तो काय करतो ते सांगितलं.

"म्हंजे कंबरपट्टा म्हण की," ती म्हणाली. "ओझं उचलताना आम्ही पदर कंबरंला आवळून बांधायचो, तसं."

"तसंच."

"मग हे आधी का न्हाय केलंस?"

ती तयार झाली, पण अट घातली: माळ नको, गल्ली नको, निरोप नको. "परत आली तर चार माणसांत हसं नगं."

पहाटे कोंबड्याबरोबर तिघं निघाले. रवळू मागच्या सीटवर, गाठोडं सांभाळत. सोनुबाईनं डोळे गच्च मिटले होते. तवंदीचा घाट लागला. सिद्राम वळणाआधी वेग उतरवत होता, हळू आत शिरत होता, अलगद बाहेर पडत होता. शेजारी आईकडं बघायचीही त्याला भीती वाटत होती. शेवटी तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"सिद्राम, घाट कवा येणार रं?"

"घाट मागं गेला, आई."

तिनं डोळे उघडले. "थांबीव," म्हणाली.

सिद्रामनं पटकन ब्रेक लावला. त्यानं गाडी कडेला घेतली. सोनुबाई उतरली, कमरेवर हात ठेवून मागं वळली, आणि उजाडताना निळसर दिसणारा तो डोंगर तिनं डोळे भरून बघितला. "एवढाच हाय व्हय," ती म्हणाली, आणि परत येऊन बसली. "रवळू, गाठोडं आण हिकडं. भूक लागली."

संकेश्वरला तिनं चहा घेतला. वंटमुरीला डोळे उघडे ठेवले. बेळगावात शालूबाई गाडीत चढली तेव्हा सासूबाईंनी तिला सगळा घाट वळणावळणानं सांगितला, स्वतः न पाहिलेला. रवळू खानापूरला आपल्या गावच्या फाट्यावर उतरला. त्यापुढं झाडी दाट झाली, रस्ता झाडांच्या सावलीतून नागमोडी जाऊ लागला, आणि सोनुबाई दर वळणावर मान पुढं काढून पलीकडं काय आहे ते बघू लागली.

कोंडाबाई दारात पाय पसरून तांदूळ निवडत होती. गाडी थांबली तसं तिनं डोळ्यावर हात धरला. कुणी साहेब रस्ता चुकला असं तिला वाटलं असावं. मग हिरवं इरकल दिसलं आणि सूप हातातून सुटलं.

"आक्का? तू? एसटीनं आलीस?"

"एसटीचं नाव काढू नगंस. लेकाच्या गाडीनं आले."

"आणि उलटी?"

"कसली उलटी?" सोनुबाई म्हणाली, आणि खाली बसून तिनं बहिणीला मिठी मारली. मग दोघी रडल्या, हसल्या, परत रडल्या. शालूबाईनं सांडलेले तांदूळ गोळा केले. कोंडाबाईचा नवरा पाहुण्यांसाठी चहाला दूध आणायला गेला तो आनंदाच्या भरात किटली घरीच विसरून गेला.

जेवणं झाली, चार वर्षांच्या गप्पांचा पहिला थर सरला, आणि ऊन उतरलं तेव्हा सोनुबाईनं विचारलं, "तू किती दिसांत घराबाहेर पडली न्हाईस गं?"

"कोण नेणार? आणि कशानं?"

"सिद्राम, उचल मावशीला."

सिद्राम आणि मावशीचे यजमान, दोघांनी मिळून कोंडाबाईला पाळण्यातल्या बाळासारखं उचलून मागच्या सीटवर ठेवलं. सोनुबाई तिच्या शेजारी बसली. बाजारातून एक फेरी झाली. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या, जयभीम झाला, ख्यालीखुशाली झाली. स्टेशनाजवळ मालगाडी जाईपर्यंत फाटक बंद होतं, तेवढ्यात फाटकवाल्यानं येऊन काचेतून कोंडाबाईच्या पाया पडून घेतलं. तिच्या हातच्या भाकऱ्या त्यानं रेल्वेतल्या उमेदवारीत खाल्ल्या होत्या.

मालगाडी गेली त्या दिशेला कोंडाबाई बघत राहिली. "लगीन होऊन पहिल्यांदा क्यासलराकच्या टेसनात क्वार्टर मिळालेलं आम्हाला," ती म्हणाली. "दाराम्होरं फणसाचं झाड होतं. आता असंल का कुणाला ठाऊक."

"लांब हाय?" सोनुबाईनं विचारलं.

"लांब न्हाय. पर जंगलातला रस्ता. लई वळणं."

सिद्रामनं आरशातून पाहिलं. आईच्या तोंडावर लहान पोरीचा उत्साह होता. "मग बसलायस काय? चल की," ती म्हणाली.

फणसाचं झाड होतं. त्याच्याखाली गाडी उभी करून दोघी बहिणींनी अंधार पडायच्या आत त्या क्वार्टरची खिडकी न् खिडकी बघून घेतली. नव्या बिऱ्हाडकरणीनं त्यांना गाडीतच चहा आणून दिला. परतीच्या वाटेवर मात्र कोंडाबाईचा चेहरा उतरला. तिनं हळूच तोंडाला पदर लावला.

सोनुबाईनं लगेच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जाणत्या माणसाच्या सुरात म्हणाली, "डोळे मिटू नगं गं. लांब बघ, रस्त्याकडं. पहिल्यांदा असंच हुतंय."