वास असा घ्यायचा

"नाक बाटलीत घालायचं नाही," विष्णुपंत म्हणाले. "बाटली हातभर लांब धरायची, तिच्या तोंडावरून तळवा असा फिरवायचा आणि हवा आपल्याकडे ओढायची. जेवणाऱ्याला आपण वारा घालतो ना, तसा. फक्त उलटा."

मुलं हसली. पहिल्या दिवशी मुलं कशालाही हसतात. विष्णुपंतांनी अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं, तळवा फिरवला आणि डोळे बारीक केले. अमोनियापासून सुरुवात त्यांनी मुद्दामच केली होती. तो नाकाला झोंबतो, आणि झोंबलेलं त्यांना अजून कळत होतं. वास मात्र कळत नव्हता. मार्च महिन्यापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट अंबरनाथात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

साल पंचावन्न. शाळेत अकरावीला रसायनशास्त्र सुरू होण्याचं ते पहिलंच वर्ष. तोवर शास्त्र घेणारी मुलं कल्याणला जात, आणि ज्यांना जाणं परवडत नसे ती मुकाट्याने इतिहास-भूगोल पाठ करत. विष्णुपंतांनी संस्थेच्या मंडळींचं डोकं इतकी वर्षं खाल्लं, की शेवटी त्यांनी कंटाळून मोडक्या बाकांची खोली त्यांच्या स्वाधीन केली. तिला चुना त्यांनी स्वतः लावला. काचसामान मुंबईहून स्वतः आणलं, बायकोच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून. एकही परीक्षानळी फुटली नाही. "माझ्या लुगड्यांची कधी नव्हे ती इतकी काळजी घेतलीत," मनोरमाबाई म्हणाल्या होत्या. त्यांना तो वर्ग बघायला मिळाला नाही. मार्चमध्ये टायफॉइडने त्या गेल्या.

"या वर्गात काय काय होईल ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको," विष्णुपंत म्हणाले. "सदऱ्यांना भोकं पडतील. बोटं पिवळी होतील आणि दगडाने घासली तरी पांढरी होणार नाहीत. ओळखायला एक क्षार दिला की तासन्‌तास डोकं खाजवाल, आणि शेवटी उत्तर चुकेल. घरी गेलात की आई विचारेल, कशात पाय घालून आलास? सांगायचं, रसायनशास्त्रात."

पुन्हा हशा. पुढच्या बाकावर कुंदा आणि मीनल, वर्गातल्या दोघीच मुली, पदर सावरून हसल्या. मागे खरवईहून चालत येणारा धर्मराज होता. तो हसला नाही, तो सगळं मनात साठवून घेत होता.

"लिहायचं कसं? कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणात 'घाण वास', 'छान वास' असं लिहिलंत तर शून्य. कशासारखा ते लिहायचं. आणि स्वतःला जे जाणवलं नाही ते लिहायचं नाही. शेजाऱ्याचं बघून तर नाहीच नाही."

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि विष्णुपंतांना ते आपल्यालाच लागलं. पण लागलं म्हणजे काय, टोचून गेल्यासारखं कुठेतरी कळलं एवढंच. अलीकडे सगळंच त्यांना असं लांबून कळत असे.

स्मशानात तूप ओतलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं होतं. ज्वाळा उठल्या, धूर अंगावर आला, लोकांनी नाकाला उपरणी लावली, आणि विष्णुपंत तसेच उभे राहिले. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मंडळी म्हणाली, खंबीर माणूस. पुढे चार ठिकाणी त्यांच्या खंबीरपणाचं कौतुक झालं. विष्णुपंतांना मात्र त्यात आपलं असं काही वाटेना. कल्याणच्या डॉक्टरांनी नाकात विजेरी घालून पाहिली आणि नाकात काही दोष नाही म्हणून सांगितलं. विष्णुपंतांनी मान डोलावली आणि ते परत आले.

हेडमास्तरांना सांगावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण सांगितलं तर वर्ग जाणार. ज्याला वायू ओळखता येत नाही त्याच्या हाती रसायनाची खोली कोण देईल? आणि तेवढा वर्गच आता उरला होता. म्हणून त्यांनी नाकाच्या जागी कागद योजला. शिशाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवलेली कागदाची पट्टी हायड्रोजन सल्फाइड लागला की काळी पडते. तशी एक पट्टी सकाळीच त्यांनी फळ्याच्या कोपऱ्याला टाचून ठेवली होती.

"आता वर्गातला सगळ्यात बदनाम वायू," त्यांनी किपच्या उपकरणावर हात ठेवला. एकावर एक बसवलेले काचेचे तीन फुगे, मधल्यात लोखंडाच्या सल्फाइडचे काळे खडे, वरून आम्ल. तोटी फिरवली की वायू बाहेर, बंद केली की थांबला. "सडलेल्या अंड्यासारखा वास. पण हा वायू लबाड आहे. आधी नाकात शिरतो आणि मग नाकच बधिर करतो. वास येतोय तोवर खिडकी उघडायला वेळ आहे. वास यायचा थांबला, तर वायू गेला असं समजायचं नाही. पळायचं."

त्यांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात नळी सोडली. पाणी बघता बघता काळं झालं. मुलांनी नाकं दाबली, कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. विष्णुपंतांनी तोटी बंद केली. काचेची तोटी, नवी, थोडी अडकत होती. ती पुरती फिरली नव्हती. एरवी ते नाकाने कळलं असतं.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत शेतावरच्या वाऱ्याने विझत होती म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. विष्णुपंत फळ्याशी वळून समीकरण लिहू लागले, आणि लिहिता लिहिता रंगले. कित्येक महिन्यांत ते असे बोलले नव्हते. धातू कसे ओळखायचे, कोण काळा बसतो, कोण पिवळा, कोण कुठल्या गटात जातो, सगळं त्यांनी गावातली माणसं सांगावीत तसं सांगितलं. मधेच वळून पाहिलं तर कुंदाने बाकावर डोकं टेकलं होतं.

"पहिल्याच दिवशी झोप? रसायनशास्त्र एवढं वाईट आहे का हो?"

"डोकं दुखतंय, सर," कुंदा मान वर न करता म्हणाली.

"सवय होईल," विष्णुपंत म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

"मास्तर." धर्मराज मागे उभा राहिला होता. "मंगाशी लय वास येत व्हता. आता नाय येत."

"बरं झालं की मग," कुणीतरी म्हणालं. पण हसायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

"पन तुमीच सांगलंत ना," धर्मराज अवघडून म्हणाला, "यायचा थांबला का पलायचा?"

विष्णुपंतांनी कोपऱ्यातल्या कागदाकडे पाहिलं. पट्टी पांढरी होती. क्षणभर त्यांना हायसं वाटलं, आणि मग त्यांनी तिला हात लावला. ती वाळून पापडासारखी कडक झाली होती. कोरडा कागद काही सांगत नाही, तो ओला ठेवावा लागतो, हे ते वीस वर्षांपूर्वी कॉलेजातच शिकले होते. त्यांनी शेजारच्या चंचुपात्रातल्या स्वच्छ पाण्यात बोट बुडवून पट्टीवर टेकवलं. बोटाखालचा ठिपका आधी तांबूस झाला, मग काळा.

"खिडक्या!" ते ओरडले. "सगळे बाहेर! दप्तरं राहू द्या!"

मीनल आणि धर्मराजने कुंदाला दोन्ही बाजूंनी धरून पटांगणात आणलं. चिंचेखाली ती ओकली, मग तिला पाणी दिलं. हळूहळू सगळ्यांच्या तोंडावर रंग आला. विष्णुपंत परत आत गेले, तोटी दोन्ही हातांनी पिळून बंद केली आणि बाहेर येऊन उभे राहिले.

हेडमास्तर कमळाकरराव नाकाला रुमाल लावून धावत आले. "अहो विष्णुपंत, माझ्या खोलीपर्यंत आला वास! तुम्ही तर आतच होतात. तुम्हाला कसा आला नाही?"

उत्तर तयार होतं. या वायूने नाक बधिर होतं, माझंही झालं. त्यावर कुणीच शंका घेतली नसती. विष्णुपंतांनी तोंड उघडलंही. समोर मुलं चिंचेखाली बसून त्यांच्याकडे बघत होती, ती तेच निरीक्षण मनात लिहून घेणार होती.

"मला वास येत नाही," विष्णुपंत म्हणाले. "आजचंच नाही. मार्चपासून."

कमळाकररावांनी रुमाल खाली घेतला. ते म्हणाले, "मला सांगायचं होतंत, हो."

"सांगितलं असतं तर वर्ग दिला असतात?"

कमळाकरराव भला माणूस. त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. "यंदा बंद ठेवू या," ते हळूच म्हणाले.

"बंद नका ठेवू. कल्याणहून कुणी शिक्षक येतो का बघा. सगळं सामान लावून ठेवलंय, नुसतं येऊन शिकवायचंय. मी खालच्या वर्गांना गणित घेईन." त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढून दिली. "तोटीला जरा व्हॅसलिन लावायला सांगा. अडकते."

कुंदाजवळ जाऊन ते म्हणाले, "चुकलं माझं, बाळ. तुला मी उगाच बोललो." ती गोंधळून उभी राहू लागली, तर त्यांनी हातानेच बस म्हटलं.

किल्ली देताना काहीतरी वाटेल म्हणून विष्णुपंतांनी थोडं थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. निघताना कमळाकरराव म्हणाले, तुमचं स्वतःचं काही आत असेल तर घेऊन जा. विष्णुपंतांनी रुंद तोंडाची एक रिकामी बाटली घेतली, घासलेल्या काचेच्या बुचाची. पदरच्या पैशांनी आणलेली होती. ती कशाला घेतली हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

वाटेत शिवमंदिराकडे बाया उदबत्त्या आणि बेलफुलं घेऊन चालल्या होत्या. विष्णुपंत त्यांच्यामधून नुसते चालत घरी आले.

घरात त्यांची लेक नीलिमा ट्रंकेपुढे बसली होती. रोज शाळेतून आली की ती आईची ट्रंक उघडून बसे. आत्याने दोनदा सगळे कपडे धुवायला काढले आणि दोन्ही वेळा पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. विष्णुपंत एरवी दारातूनच परत फिरत. आज ते आत येऊन जमिनीवर बसले.

"लवकर आलात, बाबा?"

"वर्ग सोडला."

"का?"

"मला वास येत नाही, नीलू."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

विष्णुपंतांनी तिच्याकडे वळून विचारलं, "कधीपासून?"

"ते दूध करपलं ना, तेव्हापासून. आत्या शेजारच्या घरातून धावत आली. तुम्ही चुलीपाशी बसून पेपर वाचत होतात." तिने मान खाली घातली. "मी कुणाला सांगितलं नाही. तुमचा वर्ग गेला असता."

तिच्या मांडीवर एक मऊ, विटका कपडा होता. न्हाल्यावर मनोरमाबाई केसांना गुंडाळत ते फडकं. विष्णुपंतांनी हात पुढे केला. तिने ते दिलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, वरून तळवा फिरवला आणि हवा आपल्याकडे ओढली.

"असं नाही, बाबा," नीलिमा म्हणाली. "जवळ घ्या."

त्यांनी ते तोंडाला लावलं. नाकाला कापडाचा खरखरीतपणा कळला. बाकी काही नाही.

"तू सांग," ते म्हणाले. "छान-बिन नको. कशासारखा?"

तिने डोळे मिटून हुंगलं. "शिकेकाईसारखा. आणि भांडी घासल्यावर हाताला राखेचा येतो ना, तसा थोडा. आणि..." ती थांबली. "या कोपऱ्याला लवंग."

"दाढ दुखली की हेच गालाला बांधायची," विष्णुपंत म्हणाले. "डावीकडची दाढ."

"पण कमी होत चाललाय, बाबा. काल याहून जास्त येत होता." तिने फडकं मुठीत आवळलं. "मी रोज उघडते म्हणून जातोय का हो?"

होय म्हटलं तर तिला ते लागलं असतं. नाही म्हणणं खोटं झालं असतं. विष्णुपंत उठले. पिशवीतून बाटली काढली, स्वच्छ धोतराच्या सोग्याने आतून-बाहेरून कोरडी केली. देवळीतली व्हॅसलिनची डबी घेऊन काचेच्या बुचाला बोटाने पातळ हात फिरवला, सगळीकडे सारखा. मग फडक्याची लवंगेची बाजू वर येईल अशी घडी करून ते बाटलीत सोडलं. ते हे सगळं प्रयोग मांडावा तसं सावकाश करत होते, आणि पोरगी त्यांच्या हातांकडे बघत होती.

"रोज नाही उघडायची," ते म्हणाले. "अगदी राहवलं नाही तरच. आणि नाक आत घालायचं नाही."

"हातभर लांबून," नीलिमा म्हणाली.

बूच हातात धरून विष्णुपंत क्षणभर थांबले. सवयीनेच त्यांचा तळवा बाटलीच्या तोंडावरून फिरला. मार्चपासून न आलेलं टिपूस एकाएकी त्या तळव्यावर पडलं, आणि हे असं होतंय याचंच त्यांना नवल वाटलं.

"अजून येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

त्यांनी बूच बसवलं आणि हलकेच फिरवून घट्ट केलं.